छोट्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून जास्त ताकद काढताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण एक ते दोन लिटरच्या, चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनांबद्दलचे आहेत. एमजी मिजेट, ऑस्टिन-हीली स्प्राइट, माझदा एमएक्स-५, लोटस एलिस, गाडी कुठलीही असो, लोक विचारतात तेच. काही उत्तरं मुद्दाम लांब ठेवली आहेत, कारण नेमकी तिथेच इंजिनं फुटतात.

ताकद वाढवायची म्हणजे इंजिनात नेमकं काय वाढवायचं?

हवा. पेट्रोल जास्त पाजणं सोपं असतं, कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोलचं भोक, मोठा केला की झालं. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते, आणि ती आत घेणं हीच खरी अडचण आहे. १.६ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) फिरतं तेव्हा ते दर दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण भरतं. म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ४८०० लिटर हवा. प्रत्यक्षात फिल्टर, थ्रॉटल, पोर्ट (व्हॉल्व्हपर्यंतची वाट) आणि व्हॉल्व्हची वळणं पार करता करता त्यातली ८५ टक्के पोचली तरी बरं म्हणायचं. म्हणजे झाली ४०८० लिटर. उरलेल्या ७२० लिटरसाठीच ही सगळी खटपट.

वाटा चारच आहेत. प्रत्येक वेळी सिलिंडर जास्त भरायचा (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, इनटेक, एक्झॉस्ट). मिनिटाला जास्त वेळा भरायचा (आरपीएम). हवा दाबून कोंबायची (टर्बो किंवा सुपरचार्जर). नाहीतर जेवढी भरली तिच्यातून जास्त काम काढायचं (कॉम्प्रेशन, आणि टायमिंग म्हणजे ठिणगी कधी पडते ते). जाहिरातीतला कुठलाही पार्ट समोर आला की आधी विचारा, हा या चारातलं नेमकं काय करतो? उत्तर सापडलं नाही तर तो पार्ट फक्त चमकायला आहे.

टॉर्क आणि हॉर्सपॉवर यात मी कशाकडे बघू?

दोन्ही एकाच नाण्याच्या बाजू आहेत. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, की किलोवॅट मिळतात. १३० न्यूटन-मीटर टॉर्क ५५०० आरपीएमला असेल तर ७५ किलोवॅट होतात. तोच १३० तुम्ही ६५०० पर्यंत टिकवून धरलात तर साडेअठ्ठ्याऐंशी. टॉर्क एका न्यूटन-मीटरनेही वाढलेला नाही, फक्त वरपर्यंत टिकला. छोट्या इंजिनाचं बहुतेक ट्यूनिंग हेच असतं: वरच्या आरपीएमला दम उखडू न देणं.

मात्र कमाल आकड्याच्या नादी फार लागू नका. गिअर बदलल्यावर सुई जिथे पडते तिथपासून रेडलाइनपर्यंत, एवढ्या पट्ट्यात इंजिन किती ओढतं यावर गाडी पळते. कमाल ताकद दहाने वाढली आणि ३५०० ते ५००० मधला टॉर्क उतरला, तर कागदावर तुम्ही जिंकलात आणि रस्त्यावर जुनी गाडी पुढे गेली.

सुरुवात कुठल्या पार्टपासून करू?

पार्टपासून करूच नका. आधी इंजिनाची तब्येत बघा. थकलेल्या इंजिनावर महागडा कॅम बसवणं म्हणजे दमेकऱ्याला शर्यतीत उतरवणं.

कॉम्प्रेशन टेस्ट अशी घ्या. इंजिन गरम करा. चारही प्लग काढा. इग्निशन आणि इंधन बंद करा. बॅटरी भरलेली असू द्या आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते, आणि मग चारही सिलिंडर मेलेले दिसतात. गेजची सुई वर चढायची थांबेपर्यंत स्टार्टर मारा आणि आकडा लिहून ठेवा. किती आला यापेक्षा चारही सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर घासलाय. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले असतील तर बहुतेक वेळा त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलेलं असतं.

लीक-डाऊन टेस्टर मिळाला तर उत्तमच. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि प्लगच्या भोकातून हवेचा दाब द्यायचा. मग कान लावायचा. कार्ब्युरेटरमधून सूं आवाज आला तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट. एवढं स्पष्ट बोलणारं दुसरं हत्यार माझ्या पेटीत नाही.

ही तपासणी झाली की टॅपेट, प्लग, टायमिंग, फिल्टर सगळं कंपनीच्या मापाला आणा. जुन्या गाड्यांत नुसतं एवढं केलं तरी ‘केवढं पिकअप वाढलं!’ म्हणणारे भेटतात. वाढलेलं काहीच नसतं, हरवलेलं परत मिळालेलं असतं.

एअर फिल्टर बदलून किती फरक पडतो?

मूळ फिल्टर चोंदलेला नसेल तर फारसा नाही. आवाज मात्र भरपूर वाढतो, आणि कानाला तीच ताकद वाटते. पण फिल्टर हवा कुठून ओढतो, यावर बरंच अवलंबून आहे. मोठा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखाली एक्झॉस्टच्या शेजारी बसवलात तर तो तापलेली हवा ओढतो. २० अंशांच्या हवेपेक्षा ५० अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. म्हणजे नवा फिल्टर लावून तुम्ही ताकद घालवलीत. हवा बाहेरून येऊ द्या, मध्ये एक पडदा घाला, बस.

फिल्टरशिवाय उघडे ट्रंपेट फोटोत देखणे दिसतात. धूळ बोअरला काचपेपरसारखी घासते, म्हणून रस्त्यावरच्या गाडीत तो शौक नको.

एक्झॉस्ट मोठ्या व्यासाचा केला तर? ‘थोडं बॅक-प्रेशर लागतंच’ असं म्हणतात ते खरं का?

बॅक-प्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं. हा गैरसमज आला कुठून ते सांगतो. कुणीतरी फार जाड पाइप बसवला, खालच्या आरपीएमचा टॉर्क गेला, आणि दोष ‘बॅक-प्रेशर गेलं’ यावर ढकलला गेला. खरं तर गेला तो वायूचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावर धुराचा एक लोट सुटतो. तो वेगात धावत असेल तर आपल्या मागे कमी दाबाची पोकळी सोडून जातो. ही पोकळी नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलासुरला धूर ओढून नेते आणि दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतानाच ताजी हवा आत खेचते. पाइप फार जाड झाला की लोट सुस्तावतो.

म्हणून मॅनिफोल्डच्या पहिल्या पाइपांची लांबी आणि व्यास ही खरी कमाईची जागा. चारातून दोन आणि दोनातून एक, ही रचना मधल्या आरपीएमला जास्त भरीव ओढते; चारातून थेट एक ही वरच्या टोकाला. रस्त्यावरच्या गाडीत मी डोळे झाकून पहिली घेईन. मागचा सायलेन्सर बदलून बहुधा आवाजच बदलतो. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून टाकायचा विचार असेल तर तो सोडा. बहुतेक देशांत रस्त्यावरच्या गाडीत ते बेकायदा आहे, आणि चांगल्या, मोकळ्या कन्व्हर्टरमुळे जाणारी ताकद नगण्य असते.

हेडचं काम म्हणजे नेमकं काय करतात? पोर्ट आरशासारखे चकचकीत करायचे का?

माझ्या मते छोट्या, जुन्या इंजिनात प्रत्येक तासाच्या मेहनतीला सर्वात जास्त परतावा हेड देतं. ऑस्टिनच्या ए-सिरीज इंजिनाचंच बघा. १९५८ च्या पहिल्या स्प्राइटमध्ये ते ९४८ सीसीचं होतं आणि ४३ हॉर्सपॉवर द्यायचं. १९६६ च्या मिजेटमध्ये १२७५ सीसी आणि ६५. त्याच्या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडरांना मिळून एकच इनलेट पोर्ट आहे. म्हणजे शेजारी एकमेकांच्या ताटातलं ओढतात. तरीही ट्यूनर मंडळींनी त्या हेडमधून पिढ्यानपिढ्या ताकद काढली आहे, ती मुख्यतः व्हॉल्व्हच्या आसपासचे काही मिलिमीटर दुरुस्त करून.

खरी अडचण व्हॉल्व्हच्या सीटपाशी असते. हवा पोर्टमधून येते आणि सीटच्या जरा आधी तिला तीव्र वळण घ्यावं लागतं. तिथला ओतकामाचा कंगोरा, सीटखालची पायरी आणि व्हॉल्व्ह गाइडचा पुढे आलेला खुंट, एवढं साफ केलं आणि सीट तीन कोनांत कापून घेतली की निम्म्याहून जास्त काम झालं. पोर्टचं तोंड मॅनिफोल्डच्या तोंडाशी आणि गॅस्केटशी जुळवा. पोर्टचा घेर मात्र उगाच वाढवू नका. मोठ्या पोर्टात वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो. धातू काढता येतो, परत लावता येत नाही. पलीकडे पाण्याची वाट असते हेही विसरू नका.

आरशासारखी चकाकी एक्झॉस्ट पोर्टला आणि कंबश्चन चेंबरला चालते, कारण तिथे काजळी कमी धरते. इनलेटला नको. तिथे बारीक एमरीची खरखर राहू दिली तरी काही बिघडत नाही, उलट पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटून ओघळत नाहीत.

कॉम्प्रेशन रेशो कसा मोजायचा, आणि हेड किती घासायचं?

अंदाजाने कधीच नाही. एकदा मी एका वर्कशॉपला हेड ‘जरासं घासून’ द्या म्हणून दिलं होतं. ‘जरासं’ म्हणजे किती, हे ना मी सांगितलं ना त्यांनी विचारलं. हेड परत आलं ते इतकं उतरलेलं की पुढचे कित्येक महिने चढावर टकटक ऐकत काढले.

१२७५ चं उदाहरण घ्या. बोअर ७०.६ मिलिमीटर, स्ट्रोक ८१.३, म्हणजे एका सिलिंडरचं आकारमान ३१८ सीसीच्या थोडं वर. रेशो (पिस्टन खाली असतानाची सगळी जागा भागिले वर असताना उरणारी) ८.८ असेल तर पिस्टन वर असताना उरणारी जागा सुमारे ४०.८ सीसी. ९.८ हवा असेल तर ती जागा ३६.२ वर आणायची. म्हणजे सगळा खेळ साडेचार सीसीचा. एका चहाच्या चमच्याएवढाही नाही.

मोजायची रीत जुनीच आहे. व्हॉल्व्ह आणि प्लग लावून हेड उलटं, सपाट ठेवा. चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावून त्यावर ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी दाबा. पट्टीला एका कडेला छोटं भोक पाडलेलं असावं. हेड त्या बाजूने किंचित वर उचला आणि ब्युरेटमधून रंगवलेलं रॉकेल भोकातून सोडत राहा. शेवटचा बुडबुडा सरकत येतो, भोकाशी अडतो आणि टिचकी मारली की निघून जातो. तो गेला त्या क्षणी ब्युरेटवरचा आकडा वाचा. चारही चेंबर असेच मोजा. त्यात गॅस्केटची जाडी, पिस्टनच्या डोक्यावरची वाटी आणि पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाटीच्या) किती खाली थांबतो, या तिन्ही जागा मिळवायच्या. लोक या तीन विसरतात आणि मग हिशेब का जुळत नाही म्हणून डोकं खाजवतात.

आधी चारही चेंबर सारखे करा. सर्वात मोठा चेंबर कुठला ते बघा आणि हेड घासण्याआधी बाकीचे जरा मोठे करून त्याच्याशी जुळवा.

जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरलं की ताकद वाढते का?

नुसतं भरल्याने नाही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं त्याचं माप, त्यात जास्त ऊर्जा नसते. तुमचं इंजिन कमी ऑक्टेनवर नॉक करत असेल (हे काय ते पुढच्या उत्तरात), किंवा नॉक सेन्सर टायमिंग मागे खेचत असेल, तरच फरक कळेल. नाहीतर वाढवलेलं कॉम्प्रेशन, टर्बो किंवा पुढे घेतलेलं टायमिंग यांच्यासाठी ते लागतं.

नॉकिंग ओळखायचं कसं? आणि ते एवढं धोकादायक का?

प्लगने पेटवलेली ज्योत चेंबरभर पसरत असते. तेवढ्यात कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाब आणि उष्णतेने एकदम पेटतं, त्या दणक्याला नॉकिंग म्हणतात. आवाज बरणीत खडे हलवल्यासारखा असतो. पूर्ण अॅक्सिलरेटरवर, मधल्या आरपीएमला तो सर्वात लवकर ऐकू येतो. वरच्या आरपीएमला इंजिनाच्या गोंगाटात तो बुडून जातो आणि तिथेच घात करतो.

कानावर विश्वास ठेवू नका, प्लग काढा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर सावध व्हा. चंदेरी चमकते कण दिसले तर ते तुमच्या पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. गाडी तिथेच बंद करा. यापुढची पायरी म्हणजे रिंगांमधले पडदे तुटणे किंवा पिस्टनला भोक.

टायमिंग लावताना एक लक्षात ठेवा. सिलिंडरमधला कमाल दाब पिस्टन वरच्या टोकावरून साधारण १५ अंश खाली उतरला की यायला हवा. त्यासाठी ठिणगी किती आधी हवी ते आरपीएम आणि भारावर ठरतं. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) टायमिंग दोन-दोन अंशांनी पुढे घेत जा. टॉर्क वाढायचा थांबला की एक-दोन अंश मागे या. तिथून पुढे ताकद मिळत नाही, नुसता धोका वाढतो.

कॅमशाफ्ट कुठला घेऊ?

तुम्हाला वाटतो त्यापेक्षा एक पायरी सौम्य. जास्त कालावधीचा कॅम व्हॉल्व्ह उशिरापर्यंत उघडे ठेवतो. वरच्या आरपीएमला हवेला वेगाचा जोर असतो, पिस्टन परत वर निघाला तरी ती आत शिरत राहते. खालच्या आरपीएमला तो जोर नसतो, मग तीच हवा उलटी इनटेकमध्ये परतते. म्हणून रेसचा कॅम टाकलेली गाडी सिग्नलला थरथरते, ३००० च्या खाली रडते, आणि इनटेकचा व्हॅक्युम कमी झाल्याने ब्रेकचा सर्व्होही आळसावतो.

कॅम बसवताना ठिपक्यांवर भरवसा ठेवू नका. मी ठेवला होता. स्प्रॉकेटवरचे ठिपके समोरासमोर आणले, चेन चढवली, सगळं बंद केलं. गाडी सुरू झाली, चालली, पण वर ओढेचना. दोन आठवडे कार्ब्युरेटरशी भांडलो. शेवटी क्रँकवर डिग्री व्हील आणि टॅपेटवर डायल गेज लावलं तेव्हा कॅम त्याच्या माहितीच्या कार्डावरच्या आकड्यापेक्षा सहा अंश मागे निघाला. कॅम जरा पुढे सरकवणारी एक ऑफसेट की घातली आणि गाडी जागी झाली. कार्ब्युरेटर बिचारा निर्दोष होता.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर तपासायला मुलं खेळतात ती रंगीत क्ले पुरते. पिस्टनवर तिचा थर द्या, वर ऑइलचा हात फिरवा, हेड बसवून बोल्ट आवळा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. हेड उचला, ठसा सुरीने उभा कापा आणि सर्वात पातळ जागा मोजा. इनलेटला दीड-दोन मिलिमीटर आणि एक्झॉस्टला त्याहून जरा जास्त अंतर हवं, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून लांबतो आणि पिस्टन त्याच्या पाठीशी लागलेला असतो. स्प्रिंगही तपासा: पूर्ण लिफ्टला वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत.

जुळे वेबर कार्ब्युरेटर बसवले. जेट कसे निवडायचे?

आधी चोक म्हणजे व्हेंचुरी (हवेच्या वाटेतला अरुंद गळा) ठरवा, जेट नंतर. नवखे नेहमी उलटं करतात. सुरुवातीसाठी जुना ठोकताळा कामाचा आहे: चोकचा मिलिमीटरमधला आकडा गुणिले चार, म्हणजे मेन जेट. ३२ च्या चोकला १२८, म्हणून १३०. आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणजे भोक १.३० मिलिमीटरचं. एअर करेक्टर (त्या पेट्रोलात हवा मिसळणारा जेट) त्याहून साधारण ५० जास्त, १८० च्या आसपास. हे फक्त पहिलं पाऊल. पुढे वाइडबँड लॅम्डा सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारा) लावूनच चाला. पूर्ण अॅक्सिलरेटरला १२.५ ते १३ दरम्यानचं मिश्रण (एक किलो पेट्रोलला तेवढे किलो हवा) बहुतेक साध्या इंजिनांना मानवतं.

हळू चालवताना गाडी झटके देत असेल तर मेन जेटला हात लावू नका. तिथे काम आयडल जेट आणि प्रोग्रेशनची भोकं करतात.

एसयू कार्ब्युरेटर असेल तर तो काढायची घाई नको. सुई बदलली, डॅशपॉट स्वच्छ केला, दोन्हीचा ताळमेळ बसवला की तो रस्त्यावर वेबरला सहज टक्कर देतो आणि कमी कटकट करतो.

इंजेक्शनच्या गाडीत नुसतं ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रिमॅप केलं तर?

टर्बो गाडीत मोठा फरक, बिनटर्बो गाडीत माफक. कारण सरळ आहे: टर्बो गाडीत सॉफ्टवेअर बूस्ट वाढवू शकतं, म्हणजे हवा वाढवू शकतं. बिनटर्बो इंजिनात ते टायमिंग आणि मिश्रण यांची कंपनीने ठेवलेली सावध बाजू तेवढी कमी करतं. कॅम आणि हेड बदललं असेल तर मात्र नवा मॅप हवाच.

इंजेक्टर पुरतात का ते बघा. ७००० आरपीएमला एक पूर्ण चक्र १७ मिलिसेकंदांत संपतं. इंजेक्टर त्यातले १४ उघडा राहायला लागला की तो टोकाला पोचला. ८०-८५ टक्क्यांच्या पुढे जाणं म्हणजे मिश्रण कधीही पातळ पडू शकतं, आणि पातळ मिश्रण पूर्ण भाराखाली पिस्टन वितळवतं.

टर्बो लावला तर दुप्पट ताकद मिळेल ना?

गणित करून बघू. टर्बोचं पेटंट स्विस अभियंते आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतलं, तेव्हापासून अडचण एकच आहे: हवा दाबली की तापते.

अर्धा बार बूस्ट म्हणजे वातावरणाच्या दीडपट दाब. दीडपट हवा मिळायला हवी. पण कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर २० अंशांची हवा बाहेर पडते ती ७० अंशांच्या थोडी वर. त्या तापमानाला घनता भरते १.२८ पट. म्हणजे ५० टक्क्यांचा वायदा आणि हातात २८. इंटरकूलरने तीच हवा ४० अंशांवर आणली तर १.४० पट. इंटरकूलर दिखाव्याचा नसतो हे यावरून कळेल. शिवाय थंड हवा नॉकिंगही लांब ठेवते.

बिनटर्बो इंजिनावर टर्बो चढवायचा तर कॉम्प्रेशन खाली आणणं, मिश्रण ११.५ ते १२ पर्यंत दाट ठेवणं, टायमिंग मागे घेणं, थंड प्रकृतीचे प्लग आणि ऑइलची सोय हे सगळं एकत्र येतं. यातलं एक जरी ‘नंतर बघू’ म्हणून सोडलं तर इंजिन नंतरची वाट बघत नाही. सुपरचार्जर खालपासून लगेच ओढतो, पण स्वतः फिरायला क्रँकचीच ताकद खातो. वळणांच्या रस्त्यावर हलक्या गाडीत मला सुपरचार्जरचा स्वभाव जास्त आवडतो. ही निव्वळ आवड आहे.

रेव्ह लिमिट हजाराने वाढवू का?

पिस्टन आणि रॉडवरचा ओढा आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६५०० वरून ७५०० म्हणजे आरपीएम १५ टक्के वाढले, ओढा ३३ टक्के. ८१.३ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटरवरून २०.३ वर जातो. होंडा एस२००० चं इंजिन ९००० च्या आसपास २५ मीटरचा वेग सोसतं, पण ते कारखान्यातच त्यासाठी बांधलेलं आहे. तुमचे रॉड बोल्ट किती जुने आहेत?

आणि वर ताकद नसेल तर तिथे जायचं कशाला? ग्राफ ६२०० ला खाली वळत असेल तर ७५०० पर्यंत ओढण्यात नुसता आवाज मिळतो.

फ्लायव्हील हलकं केलं तर ताकद वाढते?

नाही. इंजिन चटकन रेस होतं, खालच्या गिअरमध्ये गाडी जरा हलकी वाटते. जुनं बिडाचं फ्लायव्हील लेथवर फार उतरवू नका, ते पूर्ण वेगात फुटलं तर बेलहाउसिंग फोडून तुमच्या पायांपर्यंत येतं.

इरिडियम प्लग, पेट्रोलमधली औषधं, ग्राउंडिंगच्या वायरी?

पुढचा प्रश्न.

डायनोवरचा आकडा कितपत खरा मानायचा?

त्याच डायनोवर, त्याच टायरच्या दाबाने, सारख्या हवामानात आधी आणि नंतर काढलेल्या दोन आकड्यांमधला फरक खरा मानायचा. एकटा आकडा गप्पांसाठी. चाकांवर मोजलेल्या ताकदीत ठरावीक टक्के मिळवून क्रँकची ताकद सांगणं हा निव्वळ अंदाज असतो. आणि आधी मोजलंच नसेल तर नंतर मोजून काय कळणार? पहिला फेरा मूळ अवस्थेत मारा. तो फुकट गेल्यासारखा वाटतो, पण पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर उभे राहतात.

ताकद न वाढवता गाडी वेगवान करता येते का?

येते, आणि हलक्या स्पोर्ट्स कारचा धर्मच तो आहे. १९९६ ची पहिली एलिस ११८ हॉर्सपॉवरची होती, वजन सुमारे ७२५ किलो. म्हणजे टनाला १६३. साडेनऊशे किलोच्या गाडीला तिथे पोचायला १५५ हॉर्सपॉवर लागतील. वजन उतरवलं की ब्रेक आणि टायरही सुटकेचा श्वास घेतात, आणि पिस्टनवर काडीचाही ताण येत नाही.

ब्रेक, क्लच, कूलिंग हे कधी?

इंजिनाच्या आधी. क्लच घसरायला लागतो तो कमाल टॉर्कच्या आरपीएमला आणि वरच्या गिअरमध्ये, ती त्याची खूण. थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन थंड राहतं हा समज सोडा. इंजिन कधी पुरतं गरम होत नाही आणि बोअर लवकर झिजतो. सर्किटवर जाणार असाल तर संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडदे बसवून घ्या. लांब वळणात ऑइल एका बाजूला चढतं, पंप हवा गिळतो, आणि बेअरिंग काही सेकंदांत जातं. वळणात ऑइल प्रेशरची सुई फडफडली तर तिला किरकोळ समजू नका.

बदल केल्यावर कागदपत्रांचं काय?

तुमच्याकडचे धूर, आवाज आणि नोंदणीचे नियम आधी वाचा, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. लपवलेला बदल अपघातानंतरच उघड होतो.

इंजिन बांधून झालं. पहिल्यांदा सुरू करताना काय काळजी घ्यायची?

प्लग काढून ठेवा आणि स्टार्टरवर इंजिन फिरवा, ऑइल प्रेशरची सुई उठेपर्यंत. मगच प्लग लावा. टायमिंग, पेट्रोल, पाणी सगळं आधीच बरोबर लावलेलं हवं, कारण सुरू झाल्यावर रेंगाळायला वेळ नसतो. ए-सिरीजसारख्या सपाट टॅपेटच्या इंजिनात नवा कॅम आणि टॅपेट पहिल्या वीस मिनिटांत एकमेकांना बसतात किंवा खातात. सुरू झाल्याबरोबर २००० ते २५०० दरम्यान ठेवा, थोडं वरखाली करत राहा, पण आयडलला सोडू नका. आयडलला कॅमवर उडणारं ऑइल पुरत नाही. ऑइल जस्त असलेलं घ्या. एकाने गाडीत बसून सुईकडे बघायचं, दुसऱ्याने हातात कापड घेऊन गळती शोधायची.

नंतर बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. तुमच्या हेड गॅस्केटला लागत असेल तर हेडचे बोल्ट ठरल्या क्रमाने पुन्हा आवळा, टॅपेट पुन्हा लावा, ऑइल आणि फिल्टर बदला. जुना फिल्टर कापून उघडा, कागदाच्या घड्या पसरून उजेडात धरा. राखाडी चकाकी थोडी दिसेलच. बोटाला टोचणारे कण लागले तर संप उतरवायची तयारी ठेवा.